पुढच्या रात्रीचं काम

न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये, सेंट पीटर रस्त्यावर 726 क्रमांकाचं एक जुनं घर आहे. बसायला थोडी बाकं, पुढच्यांना जमिनीवर उशा, उरलेल्यांनी मागं उभं राहायचं. लाउडस्पीकर नाही आणि दारूही मिळत नाही. त्या शहरात गाण्याबजावण्याच्या जागी दारू नसणं म्हणजे पंढरपुरात बुक्का न मिळण्यासारखंच. या जागेचं नाव ‘प्रिझर्वेशन हॉल’. 1961पासून तिथं पारंपरिक जॅझ वाजतो आणि तिथला बँडही याच नावानं जग फिरतो.

मला या बँडच्या कीर्तीपेक्षा त्याच्या सुरुवातीचं जास्त कौतुक वाटतं. जॅझ जन्मला त्या शहरातच 1950च्या दशकात जुन्या वादकांना कामं मिळेनाशी झाली होती. लोकांचे कान रॉक अँड रोलकडे वळलेले आणि जॅझही बीबॉप या नव्या शैलीच्या वाटेनं बराच पुढे गेलेला. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या जॉर्ज लुईससारख्या माणसानं पोटासाठी बंदरावर हमाली केली होती. लॅरी बोरेनस्टीन नावाच्या एका चित्रविक्रेत्याला या म्हाताऱ्यांचं वादन फार आवडे, पण संध्याकाळी दुकान सोडून ऐकायला जाणं जमत नसे. मग त्यानं वादकांनाच दुकानात बोलवायला सुरुवात केली. मेक्सिकोहून परतीच्या वाटेवर असलेलं अ‍ॅलन आणि सॅन्ड्रा जॅफी हे नवपरिणीत जोडपं तिथं थबकलं, ते कायमचंच. अ‍ॅलन स्वतः ट्यूबा वाजवायचा, शिवाय व्यापारशिक्षण घेतलेला. त्यानं जागा चालवायला घेतली आणि एक साधी गोष्ट केली: साठी-सत्तरीतल्या वादकांना रोजचं काम दिलं.

आपल्याकडे जुन्या कलावंताची आठवण झाली की शाल-श्रीफळ येतं. सरकारचं मानधन असतं, ते हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण सत्काराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या माणसानं कुठं वाजवायचं? तबल्याला शाई लावून घ्यायची ती कोणासाठी? हा प्रश्न सत्कार समितीच्या अजेंड्यावर कधी नसतो. सेंट पीटर रस्त्यावर तेवढ्याच एका प्रश्नाचं उत्तर शोधलं गेलं: उद्या रात्री पुन्हा या.

आणि म्हातारे येत राहिले. ‘स्वीट’ एमा बॅरेट पियानो वाजवायची. डोक्याला लाल टोपी, पायांना घुंगुरवजा घंटा बांधलेल्या. ठेका धरला की घंटाही वाजायच्या. 1967मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला आणि डावा हात गेला. त्यानंतर ती उजव्या हातानं वाजवत राहिली, 1983मध्ये वारली तोवर. एका हाताच्या पियानोवालीला कुठल्या हॉटेलनं ठेवलं असतं? विली आणि पर्सी हम्फ्री हे भाऊ, एक क्लॅरिनेटवर, दुसरा ट्रंपेटवर, नव्वदीपर्यंत त्याच बँडमध्ये. त्यांचे आजोबा उसाच्या मळ्यांवर जाऊन मजुरांना वाद्यं शिकवायचे.

हे सगळं सुखासुखी झालेलं नाही. तेव्हाच्या लुइझियानात काळ्या-गोऱ्यांनी एकत्र करमणूक करणं कायद्यात बसत नव्हतं. इथं मात्र वादक बहुतेक काळे, श्रोते दोन्ही रंगांचे आणि बाकं तीच. एकदा वादकांसह सॅन्ड्रालाही अटक झाली. 1964च्या नागरी हक्क कायद्याआधीची ही गोष्ट.

तिथल्या एका पाटीचं मला नेहमी हसू येतं. फर्माइशीचे दर लिहिलेले. पारंपरिक चिजेला एक डॉलर, इतर कशाला दोन आणि ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’ हवं असेल तर पाच. पुढे हे दर वाढले. जो येतो तो सेंट्सच मागतो आणि वाजवणाऱ्यांना रोज रोज तेच वाजवून कंटाळा येतो, म्हणून त्याचा भाव चढा. मला वाटतं, परंपरा सांभाळायला निघालेल्या प्रत्येक संस्थेनं अशी एक पाटी लावावी. लोकांना आवडणारी एकच चीज शंभरदा वाजवली की परंपरेची आरास उरते, बाकीचं सगळं विसरलं जातं.

अ‍ॅलन 1987मध्ये गेला. मुलगा बेन 1993मध्ये शिक्षण संपवून बँडमध्ये बास वाजवायला आला. 2005च्या कटरीना वादळानं अर्धंअधिक शहर बुडालं, वादक देशभर पांगले, हॉल काही महिने बंद राहिला. नंतर तो पुन्हा उघडला, आणि 2013मध्ये या बँडनं ‘दॅट्स इट!’ ही सबंध नव्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली. जपणुकीच्या नावाखाली नवं काय करता, असं म्हणणारे भेटलेच असतील. पण बोल्डन, किड ओरी या सुरुवातीच्या जॅझवादकांच्या काळी तरी हे संगीत जुनं कुठं होतं?

त्याच बँडमधले चार्ली गेब्रिएल 1932चे. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाजवणं चालत आलेलं. त्यांची स्वतःच्या नावाची ध्वनिमुद्रिका 2022मध्ये आली. तिचं नाव ‘89’. तेच तेव्हा त्यांचं वय होतं.