प्रेक्षक उठून गेला, पैज राहिली

ग्रेहाउंड पळवण्याचा शौक इंग्लंडमध्ये जुना, पण तो होता जमीनदारांचा. १८३६ पासून लिव्हरपूलजवळच्या ग्रेट ऑल्टकारच्या माळावर 'वॉटर्लू कप' भरत असे. रानातून जिवंत ससा उठवायचा, मागे दोन कुत्री सोडायची आणि सशाला कोणी किती वळवलं ते बघून पंचांनी गुण द्यायचे, अशी त्याची रीत. 'मास्टर मॅग्राथ' या कुत्र्यानं हा कप तीनदा जिंकला, तेव्हा व्हिक्टोरिया राणीनं त्याला भेटीला बोलावलं होतं. 

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ यानं रुळावरून विजेच्या जोरावर धावणारा खोटा ससा रूढ केला. सशाचा जीव वाचला. शिवाय शर्यतीला माळ लागेना, शहरातलं गोल मैदान पुरू लागलं. २४ जुलै १९२६ ला मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ब्रिटनमधला असा पहिला खेळ झाला, तेव्हा जेमतेम १७०० माणसं आली होती. पुढच्याच वर्षी लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियममध्ये पहिली इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी झाली आणि 'एन्ट्री बॅज' नावाच्या कुत्र्यानं ती जिंकली. १९०८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं हे स्टेडियम नंतर ओस पडलं होतं. त्याला ऊर्जितावस्था आणली ती कुत्र्यांनी.

गर्दी लोटली त्याला कारण होतं. घोड्यांच्या शर्यती दिवसाउजेडी आणि बहुधा गावाबाहेर होत, त्या गाठायच्या तर मजुराचा रोज बुडायचा. रस्त्यावर पैज लावणं १९०६ च्या कायद्यानं गुन्हा ठरलेलं. कुत्र्यांच्या शर्यती मात्र संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर, दिव्यांच्या झगमगाटात चालत. तिथं चार शिलिंग लावले तरी पोलीस हटकत नसे. गरिबाच्या जुगाराचा सरदार-उमरावांना, पाद्र्यांना आणि राजकारण्यांना भारी कळवळा आला. त्याच पाद्र्यांपैकी एकानं, आयर्लंडमधल्या फादर मार्टिन ब्रॉफी यांनी, या खेळाचा सर्वांत मोठा नायक वाढवला, ही त्यातली गंमत.

त्याचं नाव 'मिक द मिलर'. लहानपणी डिस्टेंपरच्या आजारातून तो कसाबसा वाचला. १९२९ च्या डर्बीत, प्राथमिक फेरीतच, ५२५ यार्डांचं अंतर ३० सेकंदांच्या आत कापणारा तो पहिला कुत्रा ठरला. अंतिम शर्यतीत पहिल्याच वळणावर कुत्र्यांची टक्कर झाली आणि 'पॅलाटिनस' पुढे निसटला. पंचांनी शर्यत रद्द केली. ती पुन्हा घेतली तेव्हा मिक जिंकला. १९३० ची डर्बीही त्याचीच. १९३१ ला पाच वर्षांचा, म्हणजे या खेळात म्हातारा, मिक पुन्हा पहिला आला. पण मागे दुसऱ्या कुत्र्यानं झटापट केल्यामुळे शर्यत पुन्हा रद्द झाली. थकलेला मिक फेरशर्यतीत चौथा आला आणि 'सेल्डम लेड' जिंकला. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला. ज्या नियमानं दोन वर्षांपूर्वी मिकला मुकुट दिला, त्यानंच तो काढून घेतला. हजारो लोकांनी ते डोळ्यांदेखत पाहिलं, म्हणून मिक त्यांच्या स्मरणात राहिला. मेल्यावर त्याचं कातडं पेंढा भरून संग्रहालयात ठेवलं गेलं.

माझ्या मते डर्बीच्या इतिहासाचं मर्म इथंच आहे. माणसं मैदानात येत होती तोवर कुत्र्याला नाव होतं. या खेळाचा दबदबा इतका, की १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकातला उरुग्वे-फ्रान्स सामना वेम्बलीऐवजी व्हाइट सिटीला हलवावा लागला, कारण वेम्बलीवर शुक्रवारची नेहमीची कुत्र्यांची शर्यत होती आणि ती रद्द करायला मालक तयार नव्हता.

तोवर पाया पोखरला गेलेलाच होता. १९६१ पासून पैजेची दुकानं कायदेशीर झाली. आता पैज लावायला मैदानात जायची गरज राहिली नाही. १९६७ पासून तर खास दुकानांसाठी दुपारच्या शर्यती सुरू झाल्या. स्टँड रिकामे, आणि पिंजऱ्यातून सहा कुत्री सुटताहेत. दुकानातल्या गिऱ्हाइकाला दिसतो तो अंगावरच्या जॅकेटचा रंग: एक लाल, दोन निळा, तीन पांढरा, चार काळा, पाच नारिंगी, सहा काळे-पांढरे पट्टे. अर्ध्या मिनिटात निकाल, पाव तासानं पुढची शर्यत. ओस मैदानांची जमीन सोन्याच्या भावाची झाली, तेव्हा ती विकली जाणं ओघानंच आलं. व्हाइट सिटी १९८४ ला बंद झालं. डर्बी विम्बल्डनला गेली, तेही २०१७ ला बंद. मग टोस्टरचं मैदान, दोन वर्षं नॉटिंगहॅम आणि २०२१ पासून पुन्हा टोस्टर.

आपल्याकडचा कारवान कुत्रा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ग्रेहाउंडची अंगलट ओळखीची वाटेल: निमुळतं डोकं, खोल छाती, आत ओढलेलं पोट. वासापेक्षा नजरेवर शिकार करणारी ही जात सरळ रेषेत पळण्यासाठी घडलेली आहे. तिला गोल मैदानात, नेहमी डावीकडे वळत, पाच जणांच्या गर्दीत पळावं लागतं. वळणावरचा ताण मागच्या उजव्या पायाच्या घोट्यावर येतो आणि तिथली हाडं मोडणं ही या खेळातली ठरलेली दुखापत आहे. कुत्रा चारेक वर्षांचा झाला की शर्यती संपतात, आयुष्य मात्र आणखी आठ-नऊ वर्षं उरलेलं असतं.

त्या उरलेल्या वर्षांचं काय होतं, हे बघायला रिकाम्या स्टँडमध्ये कोणी नव्हतं. फेब्रुवारी २००५ मध्ये शिकारबंदीचा कायदा लागू होण्याच्या तोंडावर शेवटचा वॉटर्लू कप झाला आणि माळावरचा ससा सुटला; मैदानावरचा कुत्रा मात्र नाही. २००६ च्या उन्हाळ्यात 'वेस्टमीड हॉक' लागोपाठ दुसऱ्यांदा डर्बी जिंकला. त्याच उन्हाळ्यात 'संडे टाइम्स'नं बातमी दिली, की डरहॅम परगण्यातल्या सीहॅम गावी एका माणसानं पंधरा वर्षांत दहा हजारांच्या आसपास निवृत्त ग्रेहाउंड मारून पुरले. मोठा गहजब झाला, चौकशी झाली, २०१० मध्ये नियम आले. आता या खेळाचं नियामक मंडळ दरवर्षी दुखापतींचे आणि मृत्यूंचे आकडे प्रसिद्ध करतं. वेल्सच्या सरकारनं २०२५ मध्ये या शर्यतींवर बंदी घालण्याचा इरादा जाहीर केला. न्यूझीलंडनं तो त्याआधीच केला होता.

खेळाचे पाठीराखे म्हणतात, ग्रेहाउंडला पळायला आवडतं. खरंच आवडतं, त्यात वाद नाही. पण त्याच्या आवडीवर कोणाचा धंदा चालतो आणि धावणं थांबल्यावर त्याला पोसतो कोण, हा प्रश्न त्यानं सुटत नाही. डर्बीच्या विजेत्याला आज लाखाच्या वर पौंड मिळतात. नोंदणी होणाऱ्या प्रत्येक पिल्लाच्या मरेपर्यंतच्या खर्चाची तरतूद पैजेच्या उलाढालीतून आधीच बाजूला काढायची, अशी अट घालून बघावी. त्या अटीवर खेळ टिकला तर खुशाल टिकावा. टिकला नाही, तर शंभर वर्षं या करमणुकीचं बिल कुत्रीच भरत आली, हे तरी ताळेबंदात उघड होईल.