इसेचे नित्यनूतन देवालय

जपानातील शाळेत परभाषा शिकविण्याच्या नोकरीतून रविवारची फुरसत मिळाली, की इसेच्या देवालयाकडे जावे, असा माझा परिपाठ पडला आहे. आणि दर वेळी एकच प्रश्न मनाला व्यापून टाकतो. इ. स. 690 पासून हे हिनोकी लाकडाचे मंदिर सामान्यतः दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत नव्याने उभारले जाते, 2013 साली ते बासष्टाव्यांदा उभारले गेले, आणि तरीही भाविक त्याला पुरातनच मानतात. मग पावित्र्याचे अधिष्ठान द्रव्यात की आकृतीत? आकृतीत म्हणावे, तर पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीत हे नूतनीकरण शंभराहून अधिक वर्षे खंडित झाले, तेव्हा देव कोठे होता? क्षणभंगवादी बौद्ध क्षणोक्षणी नवी होऊनही एकच भासणाऱ्या दीपज्योतीचा दाखला देतील. परंतु ज्योत आपसूक पुढे सरकते, येथे मात्र वृद्ध सुतार तरुणाला रंधा मारण्याची रीत शिकवितो, आणि अध्यापकाच्या पेशातील मला ते उत्तर म्हणूनच अपुरे वाटते.