पदवीची किंमत

टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचा विषय निघाला की एक शेरा ठरलेला असतो: त्याच्या पदवीला सरकारदरबारी मान्यता नव्हती, म्हणून तो प्रयोग फसला. हा शेरा खटकतो, कारण त्यातली मोजपट्टीच सरकारची आहे. १९२१ साली असहकाराच्या लाटेत पुण्यात ते विद्यापीठ निघाले, तेच मुळी त्या मान्यतेकडे पाठ फिरवून. शिक्षणाला मान्यता कोणाची आणि त्यावर मालकी कोणाची, हे प्रश्न वेगळे आहेत. परभणीकडून पाहिले तर हा फरक ठसठशीत दिसतो. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. त्या मुलखात १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठ होते आणि तिथे उच्च शिक्षण उर्दूतून मिळे. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारून शास्त्रांची पुस्तके उर्दूत आणली गेली. ही कामगिरी थोर आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण परभणीच्या मराठी मुलाला ती भाषाही शिकूनच घ्यावी लागे आणि विद्यापीठाच्या कारभारात त्याच्या बापाला शब्द नव्हता. भाषा देशी होती, पण मालकी दरबाराची. उलट धाराशिवकडच्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा लोकांनी उभी केली. टिळक विद्यापीठात शिकलेले व्यंकटेश खेडगीकर तिथे शिक्षक झाले आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून त्यांनी हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व केले. संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. अमान्य शिक्षणाचे हे पीक कोणत्या हिशेबाने फसलेले म्हणायचे?

तरीही शेरा मारणाऱ्याच्या बाजूने एक घटना उभी राहते आणि ती टाळता येत नाही. १९३८ साली उस्मानियाच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हटले. बंदी आली, मुलांनी ती मानली नाही, आणि त्यांना काढून टाकले गेले. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातही हेच घडले. या मुलांपैकी अनेकांना प्रवेश दिला तो नागपूर विद्यापीठाने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या, सरकारमान्य विद्यापीठाने. बाणेदारपणाची किंमत मोजलेल्या मुलांनाही पदवी हवी होती, आणि तसे हवे असण्यात कमीपणा काहीच नाही. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे, त्याला मान्यतेवर पाणी सोडणे परवडते. ज्याच्या घराण्यात शाळेची पायरी कोणी चढलेले नाही, त्याच्यासाठी तो कागद गावकुसाबाहेर पडण्याची वाट असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, ते रीतसर पदवीपर्यंत नेणारे. त्यामागची निकड राष्ट्रीय शिक्षणाच्या कैवाऱ्यांना पुरती उमगली होती असे मला वाटत नाही. मालकीच्या बाजूने बोलता बोलता मी इथवर येतो: मान्यता नाकारणे हा लढ्यातला डाव होता, त्याला शिक्षणाचे तत्त्व करता येणार नाही. म्हणूनच १९४८ साली निजामी राजवट संपल्यानंतर मराठवाड्याने स्वतःच्या सरकारकडे विद्यापीठ मागितले, यात राष्ट्रीय शाळांशी प्रतारणा नाही. औरंगाबादला ते १९५८ साली झाले. परभणीला कृषी विद्यापीठ यायला १९७२ उजाडले. तिथे पदव्याही मिळतात, आणि केवडा रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडीही तिथलीच.