बाहेर बसवणं आणि बाहेर नेणं

माझा आजा मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत दोन वर्षं गेला. वर्गात नाय, पडवीत. "आमी भायेर बसायचो. मास्तर लांबनंच पाटी बघायचा," एवढंच सांगायचा आणि बिडी पेटवायचा.

आता शहाणीसुरती माणसं म्हणतात, पोरांना चार भिंतींत कोंडू नका, झाडाखाली शिकवा, ओढ्यावर न्या. ऐकलं की आधी माझ्या डोक्यात सणक जाते. आम्ही तर पिढ्यान्पिढ्या बाहेरच होतो की! 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार पोराला प्रवेश नाकारला. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. आणि माझ्या शाळेत? कार्यानुभवाच्या तासाला झाडू आमच्याच वाड्यातल्या पोरांच्या हातात. बाकीचे आत गणितं सोडवायचे. हे आमचं निसर्गशिक्षण!

पण भातगिरणीत पोती वाहता वाहता विचार केला, तेव्हा कळलं की रागात मी दोन गोष्टींची गल्लत करतोय. दोस्तांनो, बाहेर बसवणं वेगळं, बाहेर नेणं वेगळं. पडवीतलं पोर उंबऱ्याशी ताटकळतं. बाहेर नेताना शाळाच उंबरा ओलांडते.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. दलित वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढं कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठी कुरणशाळा चालवली. त्याच्याही आधी, 1882 साली, जोतीरावांनी हंटर कमिशनला सांगितलं होतं: प्राथमिक शाळेत शेतीचं, आरोग्याचं ज्ञान द्या, आणि नांगर धरायला लाजणार नाही असा मास्तर नेमा.

मग प्रश्न उरतो, बाहेर नेऊन दाखवायचं काय? फुलं-पाखरं जरूर दाखवा. पण कातकऱ्याच्या पोराला ती गुरुजींपेक्षा जास्त ठाऊक असतात. त्या दिवशी त्यालाच मास्तर करा. शहापूरच्या पोरांना तानसाच्या, भातसाच्या धरणावर न्या. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबई पिते. पोरांना विचारू द्या: गुरुजी, धरण आमच्या तालुक्यात, मग उन्हाळ्यात आमच्या पाड्याला टँकर का? गावातल्या विहिरी बघू द्या, मसणवट्या मोजू द्या. एका गावाला किती, आणि का?

परिसर अभ्यासाच्या पुस्तकात पावसाचं पाणी कुठून येतं ते असतं. ते कुणाच्या हंड्यात पडतं, ते बाहेर पडल्यावरच दिसतं. म्हणून मला बाहेरची शाळा पाहिजे.

अट एवढीच: सगळा वर्ग एकत्र बाहेर पडला पाहिजे, झाडू पाळीपाळीनं सगळ्यांच्या हातात आला पाहिजे, आणि परतल्यावर सगळे एकाच रांगेत आत बसले पाहिजेत. एक जरी पोर पडवीत राहिलं, तर समजा, माझ्या आज्याची शाळा अजून सुटलेली नाय.