थोरल्या भावाने काय करावे?



उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप धावत जातो. थोरला भाऊ मात्र दाराबाहेर उभा राहतो. परतलेल्याला तो ‘भाऊ’ म्हणायलाही तयार नाही. आज आपण या थोरल्याचा विचार करू या.

मुलाच्या हातून चोरी-मारामारी घडली की, “रिमांड होममध्ये टाका, सरळ होईल,” असे आपण सहज म्हणतो. खरेच होतो का तो सरळ?

१७०४ साली पोप अकरावे क्लेमेंट यांनी रोममध्ये सान मिकेले येथे मुलांसाठी सुधारगृह सुरू केले. नुसती शिक्षा पुरेशी नाही, माणूस चांगला घडवला पाहिजे, हा त्यामागचा विचार थोर होता. परंतु व्यवहारात मुले दिवसभर मुकाट्याने काम करीत आणि रात्री एकेकट्या कोठडीत झोपत. पुढे आयर्लंडमध्ये धर्मसंघांनी चालविलेल्या अशा शाळांत मारहाण सर्रास होती, मुलग्यांच्या संस्थांत लैंगिक अत्याचारही होते, असे २००९ च्या चौकशी अहवालात नमूद आहे. ख्रिस्तसभा म्हणून आपण हे झाकून ठेवू नये.

संत थॉमस अक्वायनस यांच्या शिकवणीनुसार सद्गुण ही अंगी बाणलेली सवय आहे, आणि ती स्वेच्छेने केलेल्या कृतींतून बाणते. केवळ धाकाने पाळलेली शिस्त पहारा उठला की गळून पडते.

१८४१ साली तुरिनला आलेले तरुण धर्मगुरू संत डॉन बॉस्को तेथील तुरुंगांत जात असत. सुटलेली मुले काही दिवसांनी पुन्हा आत दिसत. बाहेर त्यांना आपले म्हणणारे कोणी नव्हते, हे कारण त्यांनी ओळखले आणि अशा मुलांना जवळ केले.

आपल्याकडील २०१५ चा बाल न्याय कायदाही मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानतो. बाल न्याय मंडळ त्याला विशेषगृहात जास्तीत जास्त ३ वर्षे ठेवू शकते. नंतर तो घरी येतो, म्हणजेच आपल्या आळीत, आपल्या धर्मग्रामात येतो. तेथे कुजबुज भेटली, तर आत शिकलेले टिकेल कसे?

ज्याचे नुकसान झाले त्याला न्याय मिळालाच पाहिजे. पण परतलेल्या मुलाला कोणी हाताखाली काम शिकवावे, युवकांनी त्याला खेळायला बोलवावे, मिस्सेला बाकावर त्याच्यासाठी सरकून जागा करावी. एवढे तर आपण करू शकतो.

थोरला भाऊ शेवटी आत गेला का, हे प्रभू येशूने सांगितलेले नाही. ते आपल्यावर सोपविले आहे.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.

– आपले प्रमुख धर्मगुरू