अंगावरची खूण

सरकारला माणसाची ओळख हवी असली म्हणजे ते त्याच्या मतांची चौकशी करीत नाही. अंगावरचा तीळ विचारते. सेवापुस्तकात, पारपत्राच्या अर्जात शरीरावरील खुणेचा रकाना असायचाच. बाकीचे सारे पालटेल, तीळ मात्र तसाच राहील, हा त्यामागचा विश्वास.

वस्तुतः तीळही पालटतो. कातडीला रंग देणाऱ्या पेशी एके ठिकाणी दाटीने वाढल्या की तीळ होतो. बहुतेक तीळ जन्मतः नसतात. पहिल्या तीस-चाळीस वर्षांत उगवतात. वयात येताना ते गडद होतात. पुढे पेशी खोल उतरतात, तीळ फुगीर होतो, फिका पडतो आणि म्हातारपणी पुष्कळदा नाहीसाही होतो. मौज अशी की या पेशी वाढतात तशा एका टप्प्यावर आपण होऊन थांबतात. ज्या थांबत नाहीत त्यांचा कर्करोग होतो. मग त्या तिळातल्या असोत की स्वच्छ कातडीतल्या.

आपल्या सावळ्या लोकांत तो विरळा. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळव्यावर, तळहातावर, नखाखाली. म्हणजे जिथे कुणी पाहत नाही तिथे. जमेकाचा गायक बॉब मार्ले १९८१ साली ३६व्या वर्षी गेला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या अशाच रोगाने. पायाला तीळ असला की प्रवास घडतो, असे आमच्याकडे म्हणत!

आता, स्वतःचा तळवा सहसा स्वतःला दिसत नाही, दुसऱ्याला दिसतो. मग त्या दुसऱ्याने काय करावे? मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात दुपारी हमाल पोत्यांवर आडवे होतात, तेव्हा तळव्यांची रांगच रस्त्याकडे असते. त्यातल्या एकावर मला काळा डाग दिसला. कडा फिसकटलेल्या, रंग कुठे काळा कुठे तपकिरी, रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याहून मोठा. मी डॉक्टर नव्हे. बोलावे तर परक्याच्या पोटात गोळा आणावा आणि एका दिवसाची मजुरी बुडवावी. असे डाग बहुधा निरुपद्रवीच निघतात. न बोलावे, तर आपला संकोच आपण त्याच्या जिवाहून मोठा ठरवला. १९६९च्या माथाडी कायद्याने हमालाच्या मजुरीची, भविष्यनिर्वाह निधीची तजवीज केली; वाटसरूच्या नजरेची तजवीज कुठल्या कायद्याने करावी?

माझ्या मते बोलावे. मात्र दिसले तेवढेच सांगावे, रोगाचे नाव आपण घेऊ नये. भीती घालण्याचा अधिकार नजरेबरोबर मिळत नाही.

“मामा, तळव्याला काय झालंय?”

“काटा मोडला होता, साहेब. त्याचा डाग.”

“कधी?”

“झालं की वरीस-दीड वरीस.”

इथे माझे ज्ञान संपले. डाग आज कसा आहे ते मला दिसत होते. तो वाढला की नाही, हे मला कसे कळणार? बदल ओळखायला नुसते डोळे पुरत नाहीत, पूर्वीची आठवण लागते, आणि ती परक्याजवळ नसते. त्यानेच शेजारच्या सोबत्याला हलवून उठवले आणि पाय पुढे केला. सोबती वाकून पाहत राहिला.

“दिवाळीला एवढा नव्हता रं,” तो म्हणाला.

ससूनला सकाळी किती वाजता जावे लागते, असे मग मामांनी मला विचारले.