नऊ रात्रींचा पहारा

आमच्या इमारतीचा फायर पंप दुरुस्तीला निघालाय. आग विझवायचं पाणी वर नेणारा २२ मजल्यांचा नळ, म्हणजे राइजर, नऊ दिवस कोरडा राहणार. तेवढे दिवस रात्रभर मजल्यामजल्यावर कुणीतरी नाक आणि डोळे उघडे ठेवून फिरायला हवं. एकीकडे गुरव, सोसायटीच्या पगारावर १४ वर्षं असलेला आपला वॉचमन; दुसरीकडे एजन्सीची शिकवून तयार केलेली माणसं, ठेक्यावर. सेक्रेटरी म्हणून ठरवायचं माझ्यावर आलं. चौथ्या मजल्यावरचे काका अग्निशमन दलातून निवृत्त झालेत. कोटेशन घेऊन त्यांच्याकडे गेलो.

“एजन्सी घ्यावी म्हणतो, काका. गुरवला आग विझवायच्या सिलिंडरची पिन तरी काढता येते का, शंकाच आहे.”

“पिन दहा मिनिटांत शिकवता येते. सातव्या मजल्यावरच्या आजींना ऐकू येत नाही, त्यांचं दार बडवून उपयोग नाही, शेजाऱ्यांकडची किल्ली घ्यावी लागते, हे एजन्सीवाल्याला कोण शिकवणार?”

“लिहून देऊ.”

“लिहिलेलं वाचूनही माणूस चुकतो. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चची आग आठव, १५ एप्रिल २०१९. पॅनेलवर इशारा आला, पण धड कळेल असा नव्हता. समोर बसलेल्या माणसाचा तिथला तिसरा दिवस. त्याने वायरलेसवर रक्षकाला पाठवलं, तो गेला शेजारच्या छोट्या इमारतीच्या माळ्यावर. चूक उमगून खऱ्या माळ्यापर्यंत पोचेतो जवळजवळ अर्धा तास गेला. वर छप्पर पेटलेलं.”

“पण काका, माळ्यावर गेलेला रक्षक तर चर्चचाच होता.”

काका हसले. “होता. म्हणूनच घरचा की बाहेरचा, एवढ्यावर भागत नाही.”

“गावाला पूर्वी पहाऱ्याला जागल्या असायचा. गावाचाच माणूस. तसं काही...”

“ती वतनी वेठ होती रे, तिचं कौतुक नको. गुरव दिवसभर गेटवर उभा राहणार, टँकर मोजणार, पार्सलं घेणार आणि वर रात्री २२ मजले चढणार? पेंगणारा घरचा आणि न आलेला बाहेरचा, आगीला दोघं सारखेच.”

“मग बाहेरचाच बरा. जबाबदारीही त्यांच्यावर जाते.”

“कोण म्हणतं? महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा वाच. यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची आणि भोगवटादाराची. यंत्रणेची देखभाल करणारी परवानाधारक एजन्सी जानेवारीत आणि जुलैत ‘ब’ नमुन्यातला दाखला देते, म्हणून आपण सुटत नाही.”

मी नोकरीत कामगार कायद्याचंच खातं बघतो, त्यामुळे मलाही चेव आला. “पहारा ठेक्याने द्यावा का, हा घोळ सरकारचाही झाला होता, काका. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांत इमारतींची झाडलोट आणि पहारा कंत्राटी मजुरांकडून करून घेऊ नये, अशी अधिसूचना ९ डिसेंबर १९७६ ला निघाली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. एकेका आस्थापनेचा वेगळा विचार न करता सरसकट बंदी घातली होती, म्हणून.”

“बघ, तूच बोललास. गेटवरचा पहारा कायमचा, तो आपल्या माणसाचा. हा नऊ रात्रींचा. दोन्हींना एकच माप कशाला लावतोस? आणि आता मला सांग, पॅनेलचा बजर तीन वर्षं बंद का आहे?”

“रात्री उगाच वाजायचा. कमिटीनेच बंद करायला सांगितला.”

“गुरवने केला. जिन्यात चपलांचे रॅक आले, डक्टमध्ये रद्दी आली. सुरुवातीला तो तुला सांगायलाही आला होता.”

“मी काय म्हणालो?”

“‘तू तुझं काम बघ.’”

मला खरंच आठवत नव्हतं. काकांना आठवत होतं, म्हणजे गुरवला आठवत असणारच.

“आता अशी कल्पना कर,” काका म्हणाले, “रात्रीचे तीन वाजलेत. अकराव्या मजल्यावर जळका वास येतोय. कुणाचं दूधही करपलं असेल. सायरन दाबायचा का? गुरव विचार करणार, उद्या चेअरमन ओरडतील. एजन्सीवाला आधी सुपरवायझरला फोन लावणार. आग काही या दोघांसाठी थांबत नाही. माणूस कुणाचा ते नंतर ठरव. सायरन खोटा ठरला तरी कुणाचीही नोकरी जाणार नाही, एक रुपया कापला जाणार नाही, हे आधी कागदावर आण. चेअरमनची सही घे आणि प्रत्येक लिफ्टजवळ लाव.”

“आणि ते सही देणार नाहीत म्हणाले तर?”

“तर पहारा तू दे.”

ठरलं ते असं: रात्री एजन्सीची दोन माणसं. पहिल्या दोन रात्री गुरव त्यांच्याबरोबर फिरेल, दुप्पट दराने, आणि त्या दिवसांत गेटवर दुसरा माणूस. बजर आजच सुरू केला. रद्दी उद्या निघेल. रॅकवरून दोन घरांशी भांडण झालं, ते चालू आहे.

नोटीस टाइप करून चेअरमनांकडे दिली आहे. राइजर उद्या सकाळी बंद होतो. सही अजून झालेली नाही.